वेशीच्या दगडावरची भाकरी

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाचा गैरसमज नको. आयुष्यात मी एकच कुत्रा सांभाळला आणि तोही मी आणलेला नव्हता. तो आमच्या दुकानाच्या ओट्यावर आधीच बसलेला होता, आणि ज्या माणसाशेजारी तो बसला होता तो माणूस केव्हाच मेलेला होता.

आमचं गाव तापीच्या काठी, शहाद्याहून नंदुरबारला जाताना वाटेत लागायचं. आजोबा मारवाडातून आले, गूळ-मीठ-तेल विकता विकता इथंच राहिले. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, ओट्यावर पाय ठेवला की अहिराणी. गाव आम्हांला शेठ म्हणायचं, उधारी मागायला यायचं, लग्नात पहिल्या पंगतीला बसवायचं; पण गावातले म्हणून कधी मोजायचं नाही. मी तेव्हा विशीत होतो. नंदुरबारला चार बुकं शिकून परत आलो होतो आणि दुकानात बसायचा मला मनापासून कंटाळा होता. राग नाकावर असायचा. अजूनही असतो, घरच्यांना विचारा.

त्या काळी थंडीच्या तोंडावर प्लेग यायचा. दरवर्षी नाही, पण येणार नाही असं कुठलंच वर्ष धरून चालता येत नसे. घरात उंदीर फिरून फिरून पडायला लागले की गाव उठायचं. या उठण्याचीही रीत होती. कणग्या रिकाम्या करायच्या, आत ऊन पडावं म्हणून छपराची चार कौलं काढायची, दाराला कुलूप घालायचं आणि बैलगाडीत भांडीकुंडी टाकून सगळ्यांनी शेतात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या झोपड्यांत राहायला जायचं. गाव ओस. एकच माणूस मागं राहायचा, तो म्हणजे जागल्या. इतक्या कुलपांवर कुणीतरी नजर ठेवायला हवी होती, आणि ते त्याचं कामच होतं, असं त्या वर्षीही पाटलांनी सांगितलं. जागल्यानं मान हलवली. त्याला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

हा जागल्या भिल्ल होता. तोरणमाळच्या पायथ्याच्या कुठल्याशा पाड्यावरून तरुणपणी खाली उतरला आणि गावाची राखण करता करता म्हातारा झाला. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. आमचा ओटा गावात सर्वांत रुंद, म्हणून तो तिथं झोपायचा. मी त्याला जन्मापासून पाहत होतो. दिवेलागण झाली की त्याची फेरी निघायची. हातात घुंगरं बांधलेली काठी, डाव्या पायाशी कुत्रा. दारोदार थांबायचा, जिथं भाकरी मिळायची तिथं घ्यायचा, नाही मिळाली तरी थोडा थांबूनच पुढं जायचा. फेरी संपली की आमच्या ओट्यावर दाराला पाठ लावून बसायचा. आधी एक घास आपण खायचा, मग एक तुकडा मोडून हातानं कुत्र्याला द्यायचा. जमिनीवर टाकलेलं तो कुत्रा खात नसे. चोर भाकरीला विष लावून टाकतात, म्हणून पिल्लू असल्यापासून त्यानं त्याला हे शिकवलं होतं. तोंडात धर, माझ्याकडे आण, मी खाल्लं की मग तू.

गाव उठल्यावर बायका पाळीपाळीनं जागल्याची भाकरी करायच्या. ओस गावात पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून फडक्यात बांधलेली भाकरी वेशीबाहेरच्या मोठ्या दगडावर ठेवायची आणि मागं सरायचं. कुत्रा यायचा, गाठोडं दातांत धरायचा आणि निघून जायचा. थोड्या वेळानं आतून जागल्याची हाळी ऐकू यायची, लांब आणि एकसुरी. भाकरी पोचली, मी आहे, एवढाच तिचा अर्थ.

आम्ही कुत्र्याला दगडाच्या अलीकडे येऊ देत नव्हतो. ओस गावातून आलेली कोणतीही गोष्ट आम्हांला नको होती, मग ते कुत्रं का असेना. तो दगड ओलांडून झोपड्यांकडे वळला की सगळीकडून धोंडे जायचे. म्हातारे, बायका, पोरं, कुणी मागं राहिलं नाही. पुढं पुढं नुसता हात वर झालेला दिसला तरी तो पोट घासत मागं फिरायचा.

मग एक दिवस हाळी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. झोपड्यांत थोडी कुजबुज झाली. "म्हातारा व्हई गया, घसा बसना व्हई," कुणी म्हणालं. पाटील म्हणाले, "भाकर ते ली जाई ऱ्हायना ना? मंग जित्ताच शे." सगळ्यांनी माना डोलावल्या. दगडावरची भाकरी रोज उचलली जात होती, याहून दुसरा पुरावा कशाला हवा? आत जाऊन पाहायला कुणी तयार नव्हतं, आणि पाहायला न जाण्यासाठी इतकं साधं कारण हाताशी होतं. भाकरी तशाच जात राहिल्या.

होळीच्या सुमाराला गावात परत शिरलो. आधी पुरुष गेले, त्यांत मी आणि वडील. ओस पडलेल्या गावात आपलीच पावलं मोठी वाजतात. काढलेल्या कौलांतून घराघरांत ऊन पडलं होतं आणि त्या उन्हात धूळ नुसती उभी होती. कुलपं सगळी जागच्या जागी होती. एक चिमटा हरवला नव्हता कुणाचा.

आमच्या ओट्यावर जागल्या दाराला पाठ लावून बसला होता. त्याचं काय उरलं होतं ते मी लिहीत नाही. त्याच्या मांडीपाशी, पायापाशी, ओट्याच्या कडेपर्यंत गाठोडी होती. एकाची गाठ सुटलेली नव्हती. भाकरी आत वाळून कौलासारख्या झाल्या होत्या. कुत्र्यानं रोज दगडावरून गाठोडं उचललं होतं, त्याच्यापुढं आणून ठेवलं होतं आणि तो पहिला घास कधी घेतो याची वाट पाहिली होती. मधल्या काळात तो स्वतः काय मारून खाऊन जगला, देव जाणे. बरगड्या मोजता येत होत्या. आम्हांला पाहून तो गुरगुरलाही नाही. ओट्याखाली सपाट झाला आणि थरथरत राहिला.

दुपारी बायका आल्या. कुणी रडलं नाही. त्या गाठोड्यांकडे पाहत उभ्या राहिल्या. पाटलीणबाईंनी एका निळ्या फडक्याकडे बोट केलं आणि हळूच म्हणाल्या, "हाई मन्हं फडकं शे." मग दुसरी म्हणाली, तिसरी म्हणाली. प्रत्येकीला आपापलं फडकं ओळखू येत होतं. परत मात्र कुणी नेलं नाही. जागल्याबरोबर तीही नदीकाठी जाळली.

मला वाटलं, संपलं. कुत्रा जाईल कुठंतरी. तो गेला नाही. पाण्यानं आणि शेणानं चारचारदा सारवलेल्या ओट्यावर, जिथं जागल्या बसला होता बरोबर तिथं, तो येऊन बसला. आणि दिवेलागण झाली की उठून एकटाच फेरीला निघाला. डावीकडून जायचा, उजवीकडे मोकळी जागा ठेवायचा, जसा काही कुणी शेजारून चालतोय. प्रत्येक दारापुढं थांबायचा. उंबऱ्याकडे पाहत, पोट जमिनीला टेकवून, थोडा वेळ. मग पुढच्या दारी.

गावाची पाचावर धारण बसली. दिव्याची वेळ झाली की दारं धडाधड लागायची. अशात गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या दारी कुत्रा थांबला आणि त्याच आठवड्यात म्हातारा गेला. म्हातारा दम्यानं आधीच अर्धा गेलेला होता, पण हे ऐकून कोण घेतो? ज्याच्या दारी कुत्रा बसतो त्याला जागल्या नेतो, असं ठरून गेलं. पाटील आमच्या दुकानावर आले. "शेठ, आखाजीले लेकी येतीन. तवलोंग हाऊ कुत्रा दारेदार बसाले नको. नहीं ते मी त्याना निकाल लावसू."

खानदेशात आखाजीला लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरोघर घागरी भरून आपल्या मेलेल्या माणसांना पाणी आणि घास देतात. अशा दिवशी दारी तो कुत्रा कुणालाच नको होता. मला पाटलांचा राग आला, पण ते त्यांच्या परीनं चुकीचं बोलत नव्हते.

वडील जैन माणूस. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारे. ते म्हणाले, "माझ्या ओट्यावर जीवहत्या होणार नाही." नदीपलीकडे आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मळा होता, तिथं त्यांनी कुत्र्याची सोय लावली. पण कुत्रा तिथं जाणार कसा? उचलून गाडीत टाकून नेला असता तर दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत आला असता. तो आपल्या पायांनी वेशीबाहेर यायला हवा होता, त्या दगडाच्या पलीकडे, कुणाच्या तरी मागून. "तुला नाहीतरी काम नाही," वडील मला म्हणाले. "तू बघ." आखाजी चार-पाच आठवड्यांवर होती.

मी पहिल्यांदा दोरी आणली. माझ्या डोक्यातून दुसरं काय निघणार? गळ्यात दोरी पडली आणि तो मेल्यासारखा आडवा झाला, जागेवरच मुतला. ओढला तर ओट्यावरून पोत्यासारखा घसरला. मी दोरी काढली. रागानं की शरमेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग आईनं भाकरी दिली. मी ती फडक्यात घालून ओट्याखाली ठेवली आणि आत जाऊन फटीतून पाहत राहिलो. तो आला, गाठोडं दातांत धरलं आणि जागल्याच्या जागेवर नेऊन ठेवलं. समोर बसला. वाट पाहू लागला. दुसऱ्या दिवशी दुसरं गाठोडं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर पुन्हा तसाच ढीग दिसायला लागला, तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "हे उचल. मला पाहवत नाही." मलाही पाहवत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तो खरोखरच उपाशी मरत होता, आणि अन्न त्याच्या पायाशी होतं.

शेवटी मी ठरवलं, फेरीला जातोच आहे तर मीही जातो. पहिल्या संध्याकाळी बराच मागून चाललो. त्यानं मान वळवून मला पाहिलं आणि गटाराच्या कडेला सपाट झाला. मी थांबलो. तो उठला, चालला. मी चाललो, तो सपाट झाला. एका गल्लीला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी नदीवर जाऊन आलो असतो. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं, माझे हात. टोपी सारखी करायला हात वर नेला की त्याची गाळण उडायची. मी हात मागं बांधले आणि त्याच्याकडे बघायचं सोडलं. घराच्या भिंतींकडे, कोनाड्यांतल्या दिव्यांकडे बघत चाललो. मग तो चालू लागला. मी एरवी घाईचा माणूस. पण त्या कुत्र्यामागून मी जसा हळू चाललो तसा पुन्हा कधी चाललो नाही.

गावानं मला सोडलं नाही. "काय शेठ, जागल्या व्हई गया का?" पारावरून आवाज यायचे. मी उलट उत्तरं द्यायचो, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. पण पारावरची चेष्टा एक आणि गल्लीतली शांतता दुसरी. आम्ही येतोय असं दिसलं की आत बोलणं बंद व्हायचं. कुत्रा दारापुढं बसायचा, मी त्याच्यामागं उभा राहायचो, आणि बंद दाराआड कुणीतरी श्वास धरून उभं आहे हे मला कळायचं. मला भीती वाटायची. कशाची ते सांगता येणार नाही. कुत्र्याच्या उजव्या बाजूला जी जागा मोकळी राहायची तिथं मी कधी पाऊल टाकलं नाही.

पाटलांच्या दारी तो सर्वांत जास्त वेळ बसायचा. पूर्वी जागल्याला पहिली भाकरी तिथूनच मिळायची. एका संध्याकाळी दार किलकिलं झालं आणि पाटलीणबाई म्हणाल्या, "त्याले मन्हा दारमा थांबू देऊ नको रे भाऊ. माले हाळी ऐकू येस." त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हाळी बंद पडली तेव्हा कुणी उठून गेलं नव्हतं. आता ती बंद होत नव्हती.  मी म्हणालो, "तोच मला घेऊन येतो, मी त्याला आणत नाही."

दुकानाच्या कोपऱ्यात जागल्याची काठी वडिलांनी ठेवली होती. मला वाटलं, हिच्यानं काम सोपं होईल. एक दिवस ती घेऊन ओट्यावरून उतरलो आणि जमिनीवर आपटली. घुंगरं वाजली मात्र, कुत्रा उडी मारून माझ्या डाव्या पायाशी आला, कान उभे, शेपूट हलवत. इतक्या आठवड्यांत त्याची हललेली शेपूट मी पहिल्यांदा पाहिली. मग त्यानं मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. शेपूट हळूहळू खाली गेली. तो मागं सरला, सरत सरत ओट्याखाली गेला आणि त्या संध्याकाळी फेरीला निघालाच नाही. समोरच्या घरात घुंगरं ऐकून एक बाई किंचाळली होती ती वेगळीच. मी काठी आत नेऊन ठेवली. लबाडीनं मिळणारा विश्वास मला नको होता, आणि खरं म्हणजे त्याची ती नजर मला पुन्हा झेपली नसती.

त्यानंतर मला त्याच्याकडून काही मिळवायचं आहे हे मी जरा विसरलो. दुसऱ्या संध्याकाळी फेरी संपली, तो ओट्यावर आपल्या जागी बसला, आणि मी थकून त्याच्यापासून हातभर अंतरावर दाराला पाठ लावून बसलो. आईनं ठेवलेलं गाठोडं त्यानं उचललं होतं आणि मधल्या रिकाम्या जागेत ठेवलं होतं. ते माझ्या हाताजवळ होतं. मला एकदम जागल्या आठवला. आधी आपण खायचं, मग मोडून द्यायचं.

अडचण एवढीच होती की सूर्य मावळला होता. आमच्या घरात सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा चालत नसे. आईचा हा नेम आजारपणातही मोडलेला नव्हता, आणि मीही, एवढा वाह्यात असून, तो कधी मोडला नव्हता. नंदुरबारला शिकत असतानाही नाही. मी गाठ सोडली. भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. गिळेना. ज्या ठिकाणी तो म्हातारा मेला तिथंच बसून मी त्याचंच जेवण जेवत होतो, आणि अंधार पडत होता. कसाबसा गिळला. मग दुसरा तुकडा मोडून तळहातावर घेतला, हात जमिनीला टेकवला, आणि रस्त्याकडे पाहत राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. तळहाताला ओलं नाक लागलं. त्यानं तुकडा घेतला, आणि त्याच्या दातांचा कडकड आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाकरी संपेपर्यंत आम्ही खात होतो, एक घास माझा, एक त्याचा.

मागं वळलो तर आई दाराच्या फटीत उभी.

"दिवस बुडाल्यावर खाल्लंस," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्यासाठी?"

"हो."

ती आत निघून गेली. मला वाटलं, आता वडिलांना सांगेल. सकाळी ती म्हणाली, "फेरीच आधी काढ ना. त्याला दिवेलागण कशानं कळते? धुरानं. गावाच्या चुली पेटल्या की तो उठतो. मी आपली चूल आधी पेटवते आणि ओल्या गोवऱ्या लावते." माझ्या चार बुकांत हे कुठं नव्हतं. त्या दिवशी आईनं घरात इतका धूर केला की स्वतःच खोकून बेजार झाली. कुत्र्यानं ओट्यावरून नाक वर केलं, इकडंतिकडं पाहिलं आणि ऊन असतानाच उठला.

रोज थोडी आधी चूल पेटायची. फेरी अंधारातून सांजेत आली, सांजेतून उन्हात. उन्हात कुत्रा निराळाच दिसायचा, नुसता एक म्हातारा होत चाललेला, कान फाटलेला कुत्रा. लोकही जरा निवळले. उघड्या दारापुढं बसलेल्या कुत्र्याची किती भीती वाटणार? त्याची थांबायची वेळही कमी होत गेली, कारण फेरी संपली की ओट्यावर माझा हात आहे हे त्याला ठाऊक झालं होतं. मी फेरीला नवी वळणं दिली. एक गल्ली जास्त, मग विहिरीपर्यंत, मग वेशीपर्यंत. तो येत होता. माझ्या डाव्या बाजूला यायचा अजून नाही, पण मागून येत होता.

वेशीबाहेरच्या दगडापाशी मात्र सगळं अडलं. दगड दिसला की तो बसायचा. पलीकडे मोकळं शेत, झोपड्या केव्हाच मोडलेल्या, माणूस नाही. पण त्याला तिथं आम्ही सगळे उभे दिसत होते, हातांत धोंडे घेऊन. मी पलीकडे जाऊन बसलो, हाक मारली, भाकरी मोडून दाखवली. तो थरथरायचा आणि शेवटी गावाकडे पळायचा. रोज हेच. त्याला नेता येत नव्हतं आणि मारू देववत नव्हतं. आखाजीच्या आदल्या दिवशी मी वडिलांना म्हणालो, "नाही जमत." वडील माळ ओढत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

आखाजीला सकाळपासून गावात झोके चढले होते. लेकींच्या हसण्यानं गल्ल्या भरून गेल्या होत्या. घरोघर घागरी भरल्या गेल्या, बापाच्या, आजाच्या, प्लेगात गेलेल्यांच्या. ज्याची जशी माणसं तशा घागरी. जागल्याचं कुणी नव्हतं, म्हणून त्याची घागर कुठल्याच घरात नव्हती. दुपारच्या आत मी कुत्र्याला घेऊन निघालो. वेशीत पाटील दोन गडी घेऊन उभे होते, गड्यांच्या हातांत काठ्या होत्या. पाटलांनी मला अडवलं नाही. म्हणाले, "जाय. देखू." कुत्रा काठ्या पाहून भिंतीला घासत गेला.

दगडापाशी आलो तर पाटलीणबाई तिथून परत फिरत होत्या, हातात रिकामा तांब्या. दगड ओला होता. आणि दगडावर, तशाच दुसऱ्या निळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

 हे त्यांनी जागल्यासाठी ठेवलं होतं, त्यांना दुसरी जागा कुठली होती? पण कुत्र्यासाठी त्याचा एकच अर्थ होता. आता तो ते उचलणार, भर सणाच्या गावातून, लेकींच्या मधून, ओट्यावर नेणार, आणि मागं पाटलांचे गडी. सगळी मेहनत गेली. मी काही करू शकलो असतो तर एवढंच, की हात उगारून त्याला हाकलणं. ते मी करणार नव्हतो. मी दगड ओलांडला, पलीकडे धुळीत जाऊन बसलो आणि गावाकडे पाठ केली.

मागं गाठोडं उचलल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. पाटलांच्या जोड्यांचा आवाज जवळ येत होता. "थांबा," पाटलीणबाई म्हणाल्या. नवऱ्याला रस्त्यात थांबा म्हणणारी बाई मी त्या गावात पहिल्यांदाच ऐकली. "थांबा. देखा ते खरं."

मी मान वळवली नाही. आधी मला त्याचा श्वास ऐकू आला, मग धुळीवर त्याचं पोट घासल्याचा आवाज. तो सरपटत येत होता. ज्या जागेत त्यानं इतके धोंडे खाल्ले होते ती जागा तो पोटावर ओलांडत होता. डाव्या बाजूनं येऊन तो माझ्या गुडघ्यापाशी थांबला आणि त्यानं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

मग समोर बसला आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागला. या वेळी त्यानं नजर काढून घेतली नाही.

मला आनंद झाला असं म्हटलं पाहिजे. झालाही. पण त्याहून आधी अंगावर काटा आला, कारण मेलेल्या माणसाचा घास त्यानं माझ्याकडे आणला होता, आणि तो त्याची वाट पाहायचं आता थांबला होता. जगात त्या म्हाताऱ्याची वाट पाहणारं ते शेवटचं कुणी होतं. मी गाठ सोडली. आत दादर ज्वारीची भाकरी होती आणि लसणाची चटणी, जी आमच्या घरात शिवत नाहीत. मी मागं पाहिलं. पाटलीणबाई दगडापाशी उभ्या होत्या, पदर डोळ्यांना लावून.

"खाय भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यानाच वाटानी शे. तू खाय."

मी जागल्याच्या वाटणीचा पहिला घास खाल्ला, आणि मग कुत्र्यासाठी तुकडा मोडला.